चार बोटं

सातेरी काकाच्या उजव्या हाताला
दोनच बोटं होती, आणि अंगठा.
बाकीची मलप्रभेत आहेत, म्हणायचा,
असोग्याच्या खालच्या वळणावर, म्हसोबाच्या डोहात.
असं सांगायचा, जसं कुणी सांगतं
की आमची थोडी जमीन नदीपलीकडं आहे.

विशीतला होता. खडीच्या खाणीवरून कुणीतरी
जिलेटिनची कांडी आणलेली.
वात आखूड निघाली.
डोह एकदा उचलला गेला, पुन्हा खाली बसला,
मग पांढरी पोटं वर येत राहिली दिवेलागणीपर्यंत,
खडस, मरळ, वाम,
आणि नखाएवढी पिल्लं, ज्यांना अजून नावं पडायची होती.
"निम्मे तर तळालाच राहिले," काका सांगायचा.
"त्यांचा वास मला खानापूरच्या दवाखान्यात यायचा."
तीन वर्षं त्या डोहात बेडूकसुद्धा ओरडला नाही.

तरी जाळं तो स्वतःच विणायचा,
दोन बोटं, अंगठा आणि दात.
पट्टी वापरत नसे. पट्टी झिजते,
आणि झिजते ती माणसाच्या सोयीनंच.
भोक चार बोटांचं पाहिजे, हे भोयाचं माप.
मग हाक यायची: "शेवंते, हात दे गे."

मी वही मिटून चार बोटं द्यायची.
सहाव्या वर्षी, आठव्या, अकराव्या.
दोरा ओला असायचा, त्याच्या दातांची ऊब लागलेला.

माझा हात वाढत गेला
आणि घरातला रस्सा पातळ होत गेला.
भरमव्वा काकू चुलीपाशी बोटं मोडायची,
"लग्न करून द्या हिचं एकदाचं,
हिचा पंजा वाढतोय नि सगळा बाजार
हिच्या बोटांतनं निसटून चाललाय."
काका हसायचा. "ल्हान होतं ते गेलं.
मोठं होऊन येईल की. जाऊन जाऊन जाणार कुठं?
नविलुतीर्थाच्या धरणात?"

मिरगानंतर दोन महिने जाळं आढ्याला.
मासे चढणीला लागलेत, पोटुशा आहेत, म्हणायचा,
आणि छत्र्या दुरुस्त करायला बसायचा.
छत्र्या अगदी वाईट दुरुस्त करायचा.

पुढं डोहावर खात्याचा बोर्ड लागला.
मीनु मरी हिडियबारदु.
काकाला कानडी वाचता येत नव्हती, मराठीही नव्हती.
मी अर्थ सांगितला: पिल्लं धरू नयेत.
तो बोर्डाच्या लोखंडी पायाला टेकून बराच वेळ बसला,
"हे आधी लावायचं होतं," एवढंच म्हणाला,
आणि घरी येईपर्यंत
उजवा हात खिशातून काढला नाही.

काका जाऊन नऊ वर्षं झाली.
परवा बेळगावात, शनिवारच्या बाजारात
ढीग लागले होते जाळ्यांचे, हिरवट, तलम,
मच्छरदाणीच्या घरातली, किलोवर.
मी एकात बोटं घालून पाहिली.
करंगळीचं नखसुद्धा आत गेलं नाही.
"एष्टु बेकु, अक्का?" दुकानदार म्हणाला,
मग माझं कुंकू बघून की काय, मराठीत,
"घ्या की, ह्यातनं काय म्हणजे काय सुटत नाही."
खरंच बोलत होता बिचारा.

घरी आले तर मल्लू अंगणात, ओलाचिंब.
काकाचा नातू. रविवारी-रविवारी डोहात उतरतो,
लव्हाळ्यात गुंतलेली लोकांची तुटकी जाळी ओढून काढतो.
आज केवढा तरी गोळा आणलेला,
नायलॉन, दोन गळ, एक चप्पल,
आणि मधोमध पाणकावळा, कधीचा कोण जाणे,
नुसती पिसं नि उघडी चोच.
विळा घेऊन तो कापायला बसला, गाठ काही सुटेना.
मान वर न करता म्हणाला,
"आत्या, हात दे गे."